तळवा उघडण्याची परवानगी

"कॉन्ट्रॅक्चर झालंय," डॉक्टर म्हणाले. माझा डावा हात त्यांच्या हातात होता आणि नजर कॉम्प्युटरवर होती.

म्हणजे काय, असं मी विचारलं. त्यांनी माझी बोटं मागे ढकलून पाहिली. ती अर्ध्यावर येऊन थांबली. "जखम भरताना कातडी आकसते. तळव्याची कातडी आकसली की बोटं आत ओढली जातात. तुमचा तळवा आता पूर्ण उघडत नाही. पण मूठ वळते, पकड चांगली आहे. आणि डावाच हात आहे. कामाला अडचण यायची नाही."

पुढच्या पेशंटला हाक गेली आणि मी उठले. 'डावाच हात' हे दोन शब्द मी कलबुर्गीच्या बसस्टँडपर्यंत चघळत आले. बसमध्ये बसल्यावर रडू आलं. शेजारच्या बाईने बस लागते का म्हणून लिंबू पुढे केलं, ते घेतलं आणि वास घेत बसले. तिला काय सांगणार होते?

हे मी माझ्या आजारपणाचं कौतुक म्हणून लिहीत नाही. कामावर तुमचा हात, पाय, पाठ दुखावली आणि विमा सांगेल त्याच डॉक्टरकडे जायची पाळी आली, तर माझ्यासारखं अडकू नये म्हणून लिहिते.

मी कर्नाटकात बीदरकडच्या मन्नाएखेळ्ळीची, माहेर मुडबीचं. आमच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, हायवेला चहाचं हॉटेल आहे, मागेच घर. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक शेगडी, पण पाटी बघाल तर वाटेल आत लिफ्ट असेल. मी तुरीच्या डाळीच्या गिरणीत कामाला. पट्ट्यावरून डाळ सरकत येते, त्यातले खडे, काळे दाणे, काड्या वेचायच्या. नजर आणि बोटं चालली पाहिजेत, तोंड चाललं तरी चालतं. आम्हा बायकांचं ते पट्ट्यापेक्षा जास्त चालायचं.

पोत्याची सुतळी रोलरमध्ये अडकली की पट्टा थबकतो. नियम असा की मशीन बंद करून ती काढायची. रीत अशी की चालू पट्ट्यावरच ओढून काढायची, कारण बंद केलं की पुन्हा चालू करायला माणूस शोधत फिरावं लागतं. मी कितीतरी वेळा ओढली होती. त्या दिवशी उजव्या हातात झाडू होता म्हणून डावा घातला. सुतळी निघाली, पण हात आत गेला.

कुणीतरी बटण दाबलं. मला आवाज आठवतो, दुखणं आठवत नाही. दुखणं नंतर आलं आणि त्याने उट्टं काढलं.

कलबुर्गीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. तळव्याची दोन हाडं मोडली होती, त्यांत तारा घातल्या. तळव्याची कातडी सोलून निघाली होती, तिथे स्किन ग्राफ्ट केलं. म्हणजे मांडीवरची पातळ कातडी काढून तळव्यावर लावतात. मांडी इतकी झोंबायची की हात बरा, असं वाटायचं. डॉक्टरांनी काम चोख केलं, हे मी आजही सांगते. ग्राफ्ट धरलं, हाडं जुळली, तारा निघाल्या. मग त्यांनी प्लास्टिकचं एक स्प्लिंट दिलं. बोटं सरळ आणि तळवा पसरलेला राहावा म्हणून हाताला बांधून ठेवायचा हा साचा. "सतत घाला. फक्त अंघोळीला काढा," एवढंच ते म्हणाले.

घरी आले आणि माझ्या लक्षात आलं की डाव्या हातावाचून काहीच होत नाही. भाकरी थापता येईना, पदर खोचता येईना, वेणी घालता येईना. मालकांनी कणीक मळायचा प्रयत्न केला. ती भिंतीला मारली असती तर चिकटून बसली असती. केस मात्र ते नीट विंचरायचे, गुंता न ओढता. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हा गुण मला त्या हातामुळे कळला.

आता ज्यासाठी मी रडले ते सांगते. आमचं लिंगायत घर. गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी डाव्या तळव्यावर घ्यायचं, उजव्या हाताने विभूती लावायची, पाणी, फूल, बेल वाहायचं आणि नजर लावून बसायचं. लहानपणी मुडबीला अप्पांनी, माझ्या वडिलांनी, माझ्या तळव्याखाली आपला तळवा धरून मला हे शिकवलं. देव्हारा नसला तरी चालतो, तळवा लागतो. गिरणीत दिवसभर कुणाकुणाचं ऐकून घ्यायच्या आधी घरातला तेवढा वेळ माझा असायचा. डॉक्टरांच्या हिशोबात डावा हात उजव्याला मदत करणारा गडी होता. माझ्या हिशोबात तो देव बसायची जागा होती. ती जागा दर आठवड्याला लहान होत चालली होती, आणि लिंग कलंडायचं.

म्हणून मला हात उघडून हवा होता. पकड नको होती, उघडा तळवा हवा होता. पण हे कुणाला सांगायचं?

गिरणीतल्या माणसाला कामावर इजा झाली तर उपचार विम्यातून होतात. होतात ही खरी गोष्ट आहे आणि ती लहान नाही. पण डॉक्टर पॅनेलवरचाच लागतो. पॅनेल म्हणजे विम्याने मान्य केलेले दवाखाने. आमच्या बाजूला हाडांसाठी तसा दवाखाना एकच, तो कलबुर्गीला. गिरणीच्या मॅनेजरने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, बाहेरच्या कुणाचा हात लागला की केस बंद. मग रजा बी न्हाई आन् जागा बी न्हाई. मला इचारू नका कामून, नियमच तसा हाय."

आणि आमच्या हॉटेलच्या समोर, रस्ता ओलांडला की, नसरीन मॅडमचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. फिजिओथेरपी म्हणजे शेक, मालीश आणि व्यायाम देऊन अवयव पुन्हा चालता करणं. ही पोरगी इथलीच. हैदराबादला शिकली, हाताच्या दुखण्याचं काम केलं आणि परत आली. बीदरहूनही लोक तिच्याकडे येतात. मी तिच्या दारावरून बसला जायचे, कलबुर्गीला उतरायचे, टोकन घ्यायचे, बाकावर बसायचे. डॉक्टर बघायचे तो वेळ चहाला उकळी यायलाही पुरला नसता. मग बस आणि परत तिच्या दारावरून घर. बसमध्ये डावा हात लोंबकळून सुजायचा, तो उतरायला दोन दिवस जायचे, तोवर पुन्हा जायची वेळ आलेली असायची.

कॉन्ट्रॅक्चर झाल्यावर कलबुर्गीच्या दवाखान्यातही फिजिओ लिहून दिली. तिथला पोरगा भला होता, पण एकटा होता आणि त्याच्यासमोर लाईन होती पाय मोडलेल्यांची. तो मला एक रबरी चेंडू द्यायचा आणि म्हणायचा, दाबा. मी दाबायचे. मला बोटं उघडायची होती आणि मी ती दिवसभर मिटायचा सराव करत होते.

त्या दिवसांत मला घरात गुदमरल्यासारखं व्हायचं. दार उघडं, रस्ता समोर, पलीकडे तिची पाटी, आणि जायला बंदी. मी मालकांवर ओरडायचे. ते बिचारे कपबशा धुवत ऐकून घ्यायचे.

एकदा सकाळची गर्दी ओसरल्यावर नसरीन मॅडम चहाला आल्या. मी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला हात मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "अक्का, मी हात लावत न्हाई. नुसतं इचारते. चालंल न्हवं?"

"इचारा की. इचारायला बंदी न्हाई अजून."

"स्प्लिंट कवा कवा काढताव?"

"अंघोळीला. आन् पूजेला."

"पूजा कशी करताव आता? दाखवा की जरा."

मी दाखवलं. लिंग पडू नये म्हणून चारी बोटं आत वळवून, अंगठा टेकवून, वाटीसारखा हात. त्या बघत राहिल्या. मग विचारलं, "किती येळ?"

मी अभिमानाने सांगितलं, "पयल्यापेक्षा दुप्पट. हात लवकर बरा व्हावा म्हणून वाढवली. आन् पूजेच्या तळव्यावर ते घामट प्लास्टिक लगीच कसं चढवायचं? जेवण झाल्यावर घालते."

त्यांनी कप खाली ठेवला. "अक्का, राग येऊ देऊ नका. कातडी भरायलीय तवा हात जसा धराल तसा ती आकसतीय. तुम्ही रोज बोटं आत वळवून, हलू न देता धरायलाव. वरून दुपारपत्तोर स्प्लिंट न्हाई. तुमचा तळवा त्यानंच मिटायलाय."

मला आधी तिचा राग आला. काल शिकून आलेली पोरगी मला माझी पूजा सांगते? मग देवाचा आला. मग माझा आला आणि तो पुष्कळ दिवस राहिला. बरं व्हावं म्हणून जे मन लावून केलं त्यानेच नुकसान झालं होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, स्प्लिंट घालता का? मी म्हटलं होतं, घालते. ते खोटं नव्हतं. पूजेचं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. देवाचं काय डॉक्टरला सांगायचं, असं आपल्याकडे कुणालाही वाटतं.

"मग उघडंल का हे?" मी विचारलं.

"बरंच उघडंल. पण हातानं काम करावं लागतंय रोज. मेणाचा शेक, मालीश, आन् स्प्लिंट दर आठवड्याला थोडं थोडं मागं न्यायचं. उशीर झाला की कातडी घट्ट होतीय, मग ऑपरेशनबिगर न्हाई. मी आत्ता सुरू केलं असतं. पण तुमची केस बंद पडंल, आन् ते मला नक्को."

आमच्या दोघींत एका बाकड्याचं अंतर होतं. तिला काय करायचं ते माहीत होतं, माझा हात तिथेच होता, आणि ती तो उचलून बघू शकत नव्हती.

मी अप्पांना फोन लावला. पूजा तळव्यावर न करता चालेल का, असं विचारलं. ते म्हणाले, "लिंग गळ्यात हाय न्हवं गं? मग कुठं गेलं ते? हात बरा होऊ दे आधी." तेव्हापासून मी स्प्लिंट घालूनच बसायला लागले. डबीतलं लिंग गळ्यातच, डोळे मिटून. अप्पांचं म्हणणं पटलं होतं, पण तळवा रिकामा वाटायचा.

कलबुर्गीला गेल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, पूजेसकट. या वेळी त्यांनी कॉम्प्युटरवरून नजर काढली. "आधी का नाही सांगितलंत?" मग म्हणाले, "तुमच्या गावच्या मॅडमचं म्हणणं बरोबर आहे. रोज थेरपी हवी. पण मी तिकडे पाठवू शकत नाही. त्या पॅनेलवर नाहीत. मी लिहिलं तरी विमा ते मान्य करणार नाही."

तेही अडकलेले होते, हे मला तेव्हा कळलं. तरी अडकलेल्या दोघांत हात माझा आकसत होता.

पुढे गिरणीत विम्याचे एक साहेब आले. पॅनेल वाढवायचं की नाही याची पाहणी चालली होती. पॅनेलवर तालुक्यातले लहान दवाखाने आणि फिजिओथेरपीवाले घ्यावेत, अशी मागणी बऱ्याच गिरण्यांतून गेली होती. नसरीन मॅडमनीही अर्ज केला होता. मॅनेजरने इजा झालेल्या कामगारांना बोलावून बसवलं. साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, काही त्रास आहे का? सगळे जमिनीकडे बघायला लागले. आपल्याला साहेबाने विचारलं की त्रास असतो तोही पळून जातो. मॅनेजर कन्नडमध्येच म्हणाला, "न्हाई साहेब, सगळं झ्याक चाललंय."

मी उठले आणि स्प्लिंट सोडून डावा हात साहेबांच्या टेबलावर ठेवला. आम्हाला कन्नड मराठीइतकंच येतं, पण राग आला की माझ्या तोंडून मराठीच निघते. "साहेब, हे बंद व्हायला कुणाची परवानगी लागली न्हाई. उघडायला मातर लागायलीय. उघडणारी नसरीन मॅडम आमच्या हॉटेलसमोर रस्त्यापलीकडं बसलीय आन् मी बस धरून कलबुर्गीला चेंडू दाबायला जायलेय."

साहेब मराठी समजणारे निघाले. त्यांनी हाताकडे बघितलं, बोट लावून बघितलं नाही. "ही मॅडम नोंदणी झालेली आहे का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, पाटीवर नंबर लिहिलाय, या बघायला. ते गेले आणि त्यांनी खरंच आमच्या हॉटेलसमोरचा रस्ता ओलांडला. मॅनेजर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. तेवढाच निवांतपणा.

त्यानंतरचे दिवस सगळ्यात वाईट. आशा नसते तेव्हा माणूस झोपतो तरी. मी रोज सकाळी हात टेबलावर पालथा घालून तळव्याखाली किती फट राहते ते बघायचे. फट वाढलेली वाटायची. मालक म्हणायचे, कालच्याइतकीच हाय. मी म्हणायचे, तुम्हाला काय दिसतंय, चष्मा पुसा आधी. त्यांना चष्मा नाहीच.

एका सकाळी नसरीन मॅडम रस्ता ओलांडून आल्या. चहा मागितला नाही. सरळ माझ्यासमोर बसल्या, माझा डावा हात उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला. मी घाबरून आजूबाजूला बघितलं.

"बघू द्या, अक्का. आता चालतंय," त्या म्हणाल्या.

पॅनेल वाढलं होतं. सर्जनने लिहून दिल्यावर तालुक्यातले फिजिओथेरपीवाले कामगारांना तपासू शकणार होते आणि विमा ते मान्य करणार होता. मी तिथेच रडले. गिऱ्हाइकं बघत होती, बघू दिलं.

मग काम सुरू झालं आणि ते सोपं नव्हतं, हे सांगितलंच पाहिजे. कोमट पातळ मेणात हात बुडवायचा, कातडी मऊ झाली की खोबरेल लावून व्रण चोळायचा, मग बोटं मागे. त्या चोळताना मी त्यांच्या खानदानाचा उद्धार करायचे, मनात, आणि कधीकधी मोठ्याने. त्या हसून आणखी थोडं दाबायच्या. तिथे गिरणीतल्या आणखी दोघी यायला लागल्या, एकीचा खांदा, एकीचं मनगट. तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू झाला.

बोटं बऱ्यापैकी मागे आल्यावर त्या म्हणाल्या, "आता पूजा करा. पण माझ्या पद्धतीनं." हात पाटावर उताणा ठेवायचा, बोटांवर वाळूची लहान पिशवी, म्हणजे ती वर येत नाहीत, आणि मध्ये लिंग. "जितका येळ बसाल तितकं चांगलं. हाच तुमचा व्यायाम." माझ्या आयुष्यात कुठल्या डॉक्टरने मला पूजा करा म्हणून सांगितलं नव्हतं. सांगणारी मुसलमान पोरगी, हे अप्पांना कळवलं तर ते खूप वेळ हसले आणि म्हणाले, "पोरगी गुणाची हाय. पेढे नेऊन दे तिला."

हात पूर्वीसारखा झाला नाही. उशीर झाला होता, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. परवानगी आधी मिळाली असती तर करंगळीही सरळ झाली असती. याचा राग माझ्यात अजून आहे आणि तो मी जपून ठेवणार आहे, कारण आमच्या पुढे अजून पुष्कळ गावं आहेत जिथे रस्त्यापलीकडे कुणी बसलेलं नाही. पण सर्जनने हाड वाचवलं, नसरीन मॅडमनी तळवा वाचवला, मालकांनी माझं डोकं वाचवलं, विंचरून आणि ऐकून घेऊन. हे मी विसरणार नाही.

तुम्हाला एवढंच सांगते. डॉक्टर विचारोत न विचारोत, दुखऱ्या हाताने घरी काय काय करता ते पहिल्याच दिवशी सांगा, देवाधर्माचंही. आणि तुम्हाला सांभाळू शकणारं माणूस जवळ असून जायला बंदी असेल, तर कुणी साहेब विचारायला येईल तेव्हा जमिनीकडे बघू नका.

गिरणीत परत रुजू व्हायच्या सकाळी मी पाट घेतला नाही, वाळूची पिशवीही घेतली नाही. डावा हात नुसता पुढे धरला आणि लिंग ठेवलं. तीन बोटं सपाट. करंगळी वर राहिली, ती राहणारच. लिंग थोडं तिच्याकडे सरकलं, करंगळीला टेकलं आणि तिथे थांबलं. मी विभूती लावली, पाणी घातलं, फूल वाहिलं. काही कलंडलं नाही. मग मी नुसती बघत बसले. बाहेर मालकांनी दोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही.

गिरणीत पोचले तेव्हा पट्टा कधीच सुरू झाला होता. मॅनेजर दारात उभा होता.

"पयल्याच दिवशी उशीर? कामून?"

"पूजा लांबली," मी म्हटलं आणि जाऊन माझ्या जागेवर उभी राहिले.